आमच्या ह्यांची रद्दी

"ताई, पुन्हा गोणी आली हो!"

वहिनींचा हा आवाज भिंतीपलीकडून आला की मी गॅस बारीक करते. साताऱ्यातल्या आमच्या कॉलनीत दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावर कोपरं टेकून आम्ही दोघी जगाचा कारभार बघतो. भाऊजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बाग करतील, नाहीतर ज्येष्ठ नागरिक संघात पत्ते कुटतील. त्यांनी धरला पुण्याचा जुना बाजार. बुधवारी नाहीतर रविवारी पहाटेची एसटी, आणि संध्याकाळी परतताना खांद्यावर गोणी.

"काय आलंय या वेळी?"

"काय येणार? धूळ. आणि धुळीत सत्तर वर्षांपूर्वीच्या बायका."

बायका म्हणजे चित्रकार मुळगावकरांच्या. वहिनींनी भिंतीवर वर्तमानपत्र पसरलं आणि वर एक पुस्तक ठेवलं. बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा. हाताएवढी, पानं पिवळी, टाचणी गंजून कागदात उतरलेली. मुखपृष्ठावर एक बाई दचकून मागे बघतेय आणि दाराच्या फटीत हॅटवाल्याची सावली. बाई इतक्या संकटात, पण केसांची एक बट हललेली नाही की गालावरची लाली उतरलेली नाही.

"अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली, आणि आमच्या ह्यांनी त्यातलं एक वाचलं असेल तर शपथ. विचारलं तर म्हणतात, खुनी कोण ते राहू दे, खाली कोपऱ्यात सही बघ."

सही होती. रघुवीर मुळगावकरांची.

"माझ्या सासूबाई हे उशीखाली ठेवायच्या," वहिनी आवाज खाली आणून म्हणाल्या. "मामंजींना कळू नये म्हणून वरून हरिपाठाचं कव्हर. आता त्याच पुस्तकाला हे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवतात. म्हातारी असती तर हसून हसून दात पडले असते तिचे."

आणि हेच मुळगावकर घरोघरच्या भिंतीवर देव टांगून गेले, हे बघा. दचकलेली बाई काढणारा हाच हात कॅलेंडरवर लक्ष्मी, राम, दत्त काढत होता. आमच्या माहेरी देवघराच्या वर तेच कॅलेंडर, वर्ष संपलं तरी चित्र कापून फ्रेम केलेलं. ती गालांवरची झळाळी कुंचल्यानं यायची नाही. स्प्रेगननं रंगाचा बारीक फवारा मारायचा. म्हणून एका रंगातून दुसऱ्यात कधी गेलो हे कळतच नाही, कुठे कड म्हणून सापडत नाही. टीकाकारांनी नाकं मुरडली. म्हणाले, फार गोड. गोड आहेच. पण ते बघून लोकांनी पुस्तकाला हात घातला, रहस्यकथेला घातला आणि दिवाळी अंकालाही घातला. मुळगावकरांनी तर स्वतःचाच 'रत्नप्रभा' काढला.

"तुमचं काय मत? दलाल की मुळगावकर?" वहिनींनी विचारलं. आमच्या लहानपणी वाड्यात यावरून भांडणं व्हायची.

"दलाल," मी एका दमात सांगितलं.

"वाटलंच. तुमच्यासारख्या मास्तरांच्या घरात दलालच."

दोघेही मूळ गोव्याचे, गंमत बघा. दीनानाथ दलाल मडगावचे, मुळगावकर बार्देशातल्या अस्नोड्याचे. दलाल १९१६ चे. मुंबईला येऊन जे. जे. मध्ये शिकले, १९४४ मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला आणि १९४५ पासून 'दीपावली'. दिवाळी अंक म्हणजे चित्रकाराचं घर, हे महाराष्ट्राला त्यांनी दाखवलं. मुळगावकरांची बाई तुमच्याकडे बघते. दलालांची बाई आपल्याच नादात असते आणि आपण चोरून बघतो. रेघ अशी की मानेपासून निघाली ती पदर, कंबर, पाऊल करत खाली जाते, मध्ये हात उचलल्याची खूण नाही. रंग दोन-तीनच. आणि १९७१ मध्ये, साठीसुद्धा गाठली नाही, गेले. खांडेकर-फडक्यांपासून नवख्या लेखकांपर्यंत त्यांनी किती मुखपृष्ठं केली याचा हिशेब लावायला बसलं तर गोण्या पुरायच्या नाहीत.

"रंग दोन-तीनच असायचे ते काही कलेसाठी नाही हो," वहिनी म्हणाल्या. "पैशासाठी."

मी बघतच राहिले. या बाईला हे कुठून माहीत? त्यांनी पदराच्या टोकाला बांधलेलं भिंग सोडलं. होय, भिंग. किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर.

"हे घ्या. गालावर लावून बघा. तिच्या, तुमच्या नव्हे."

बघितलं. गाल नाहीसाच झाला. नुसते ठिपके. लाल ठिपके, पिवळे ठिपके, मध्येच निळे, ओळीत पण तिरक्या. ओठांपाशी लाल रंग केसभर उजवीकडे सरकलेला, त्यामुळे बाईला दोन ओठ असल्यासारखं दिसत होतं.

"आता कळलं? तेव्हा एकेका रंगाचा वेगळा ब्लॉक करायला लागायचा. जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडनं कोरून. नुसत्या रेघेचं चित्र असेल तर लाइन ब्लॉक, स्वस्तात काम. पण गालावर छाया पाहिजे म्हटलं की हाफटोन, म्हणजे हे ठिपके. तीन रंग म्हणजे तीन ब्लॉक, आणि तोच कागद मशिनीतून तीनदा काढायचा. एकदा जरी सरकला की झालं, बाईला दोन ओठ. प्रकाशक म्हणणार, दलालसाहेब, दोन रंगांत भागवा. आणि ते भागवायचे! पिवळ्यावर निळा चढवून तिसरा हिरवा फुकटात काढायचे. कागदाचा पांढरा तो चौथा."

"वहिनी, तुम्ही हे..."

"तीस वर्षं एका माणसाबरोबर संसार केला की त्याचं वेड लागतंच. आता उलटं करून बघा."

मुखपृष्ठाच्या मागच्या बाजूवरून त्यांनी माझं बोट फिरवलं. अक्षरांच्या जागी कागद किंचित फुगलेला. जुन्या ट्रेडल मशिनीवर ठसा कागदात दाबला जायचा, म्हणून मागून हाताला लागतो. ही खूण महत्त्वाची, कारण हल्ली बाजारात लबाडी चालते. मूळ मुखपृष्ठाची कलर झेरॉक्स काढायची, चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट करायची आणि एखाद्या बोडक्या पुस्तकावर चिकटवून द्यायची. भाऊजी एकदा असलं घेऊन आले. किती दिले ते वहिनींना अजून सांगितलेलं नाही. पण वहिनींनी मागून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे गुळगुळीत आहे."

"बोडकी पुस्तकं कुठून येतात एवढी?" मी विचारलं. आणि मग वहिनी खऱ्या अर्थानं सुटल्या.

"वाचनालयांतून! आणखी कुठून? मी नाव घेत नाही, पण जिल्ह्यातलंच एक आहे. नवीन पुस्तक आलं की पहिलं काम काय, तर मुखपृष्ठ काढून टाकायचं. टिकाऊ बाइंडिंग पाहिजे ना! जाड पुठ्ठा, वर कापड, पाठीवर नंबर. बाइंडर तीन बाजूंनी असं कापणार की आतल्या चित्रातल्या माणसाचे पाय जातात. आणि दलालांचं मुखपृष्ठ? केरात. पुस्तक पन्नास वर्षं टिकलं हो, शाबास. पण त्या पुस्तकाची कथा काय, आज कुठल्याही नव्या आवृत्तीत मिळते. नव्या आवृत्तीला मुखपृष्ठ नवीन. म्हणजे जे पुन्हा छापलं जातं ते जपलं आणि जे पुन्हा कधी छापलं जाणार नाही ते फाडलं!"

आतून भाऊजींचा खाकरण्याचा आवाज आला. ऐकत होते.

"आणि घरचे काय कमी होते?" वहिनी आता थांबणार नव्हत्या. "दिवाळी अंकाचं कव्हर काढून मुलांच्या वह्यांना घालायचं. चांदोबाचं तेच. चांदोबा तर एकाही घरात पूर्ण सापडत नाही."

चांदोबा! मद्रासचं मासिक, तेलुगू-तमिळमध्ये १९४७ मध्ये निघालं, मराठीत १९५२ मध्ये आलं आणि आपल्याला वाटायचं, हे आपल्याच गल्लीत छापतात. झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर टाकलेला विक्रम, हातात तलवार, मागे कवट्या आणि साप. तो चित्रकार शंकर. के. सी. शिवशंकरन असं नाव. आयुष्यभर त्यानं तो राजा स्मशानातून चालवला आणि २०२० मध्ये ९७ व्या वर्षी गेला. आम्हाला लहानपणी त्याचं नाव कुणी सांगितलं? कोपऱ्यात सही होती, पण सही बघायची असते हेच माहीत नव्हतं. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकातली ती चित्रं शि. द. फडणीसांची, हेही मला मोठेपणी कळलं. वजाबाकीची भीती ज्या माणसानं घालवली त्याचं नाव पाठ नाही, आणि पाढे मात्र पाठ.

"सरवट्यांचं तरी नाव लोकांना ठाऊक आहे," मी म्हटलं.

"असणारच. ठणठणपाळ आठवतो ना, 'ललित'मधला? हातात घण घेतलेला. लिहायचे जयवंत दळवी, पण चेहरा दिला वसंत सरवट्यांनी. वाचकाला दळवींचा चेहरा कसा आहे ते ठाऊक नसेल, ठणठणपाळाचा ठाऊक. 'व्यक्ती आणि वल्ली'तही तेच. नारायण म्हटला की पुलंची वाक्यं आधी आठवतात का सरवट्यांची रेघ?"

मला रेघ आठवली. मी कबूल केलं नाही. आणि हा माणूस पेशानं सिमेंट कंपनीतला सिव्हिल इंजिनियर. कोल्हापूरचा. कोल्हापूरचं पाणीच तसं असावं. रावबहादूर धुरंधर तिथलेच.

धुरंधरांचं नाव निघाल्यावर वहिनी आत गेल्या आणि हात धुऊन, पुसून, एका स्वच्छ पंच्यात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन आल्या. हे गोणीतलं नव्हतं. हे भाऊजींनी ग्रॅच्युइटीच्या पैशातून घेतलेलं. इंग्रजी आहे. सी. ए. किंकेड या आय.सी.एस. साहेबाचं 'डेक्कन नर्सरी टेल्स', १९१४ चं, लंडनला मॅकमिलननं काढलेलं. आपल्या साताऱ्याच्या पारसनिसांबरोबर मराठ्यांचा इतिहास लिहिला, तोच किंकेड.

"मी म्हटलं, साहेबाच्या गोष्टी मला काय करायच्यात! मग चाळलं. ताई, आपल्या श्रावणातल्या कहाण्या हो! आदितवारची, सोमवारची, दिव्याच्या अवसेची. ज्या मी दरवर्षी अक्षता हातात घेऊन वाचते त्याच. साहेबानं इंग्रजीत घातल्या आणि चित्रं काढायला महादेव विश्वनाथ धुरंधरांना बसवलं."

त्यांनी पान उघडलं. आर्ट पेपरवर वेगळं छापलेलं चित्र. नऊवारीचा काष्टा कुठून वळतो, पदराचं टोक कुठे खोचतात, पाटावर बसलेल्या बाईचा गुडघा लुगड्यात कसा दिसतो, सगळं जिथल्या तिथं. जे. जे. मध्ये विद्यार्थी म्हणून शिरलेला आणि १९३० मध्ये त्याच संस्थेचा पहिला भारतीय संचालक झालेला माणूस. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. त्यांनी ऑटो रॉथफेल्डच्या 'विमेन ऑफ इंडिया'साठी देशभरच्या बायका काढल्या, एडवर्ड्सच्या 'बायवेज ऑफ बॉम्बे'साठी मुंबईच्या गल्ल्या काढल्या. मजकूर साहेबांचा. साहेबांची मतं आज वाचली तर कपाळाला आठ्या पडतात. पण धुरंधरांच्या लुगड्याला एक चुणी चुकीची सापडत नाही.

"हे सगळं मोबाइलवर फुकट मिळतं म्हणे," मी भीत भीत म्हटलं. भाचा म्हणाला होता.

"मिळतं की. किंकेडचं आहे, एडवर्ड्सचं आहे. वाचायला तेच घ्यावं, उगाच जुनं पुस्तक हाताळू नये. पण मोबाइलवर चित्र केवढं दिसतं? पोस्टाच्या तिकिटाएवढं. आणि मागून बोट कुठे फिरवणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विषय बदलायला औंध काढलं. भाऊजी मागच्या महिन्यात औंधला जाऊन आले होते, यमाईला म्हणून निघाले आणि संग्रहालय बघून परतले.

"यमाईला गेलेच नाहीत!" वहिनी म्हणाल्या. "टेकडीखालून नमस्कार. म्हणे, देवीपेक्षा राजाचं काम होतं."

राजा म्हणजे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारवाले. स्वतः चित्रकार. १९१६ मध्ये त्यांनी 'चित्ररामायण' काढलं, चित्रं स्वतःच्या हातची. पण मला जी गोष्ट भाऊजींकडून कळली ती त्याच्याही पुढची. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, जिच्यापुढे जगभरचे पंडित हात जोडतात, तिचं मूळ कशात आहे? या राजाच्या सचित्र महाभारताच्या हौसेत. १९१८ मध्ये त्यांनी त्यासाठी लाख रुपये द्यायचं कबूल केलं, हप्त्याहप्त्यानं. १९१९ मध्ये काम सुरू झालं. पंडितांनी पोथ्या जमवल्या, पाठभेद लावले आणि १९ खंड व्हायला १९६६ उजाडलं. राजा १९५१ मध्येच गेला. पण त्या खंडांच्या मुखपानावर चित्रकार म्हणून त्याचं नाव छापलेलं आहे. आज पाठभेदांवर प्रबंध होतात, चित्रांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मला विचाराल तर चित्रं काही धुरंधरांच्या तोडीची नाहीत. पण चित्राच्या हट्टापायी एवढं थोर काम उभं राहिलं, हे तरी शाळेत सांगायला नको?

एवढ्यात भाऊजी बाहेर आले. हातात सेलोटेप.

"ठेवा ती खाली!" वहिनी अशा ओरडल्या की रस्त्यावरचा कुत्रा उठून गेला.

"अगं, मुखपृष्ठ कण्यापाशी सुटतंय..."

"सुटू दे. सेलोटेप दोन वर्षांत पिवळी पडते, डिंक तसाच कागदात मुरतो आणि सोलायला गेलं की रंगासकट येतं. पातळ कागदाची पट्टी आणि खळ, मी लावते रात्री. आणि ती पुस्तकं उन्हात कुणी ठेवली? सावलीत वारा द्यायचा, ऊन नाही. लाल रंग आधी उडतो."

भाऊजी मुकाट्यानं सेलोटेप घेऊन आत गेले. मी विचारलं, पावसाळ्यात काय करता? साताऱ्याचा पाऊस म्हणजे कपड्यांना बुरशी. वहिनींनी सांगितलं की कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, आत वेखंडाची पुरचुंडी, पुस्तकं उभी आणि सैल. घट्ट बसवली की काढताना कणा फाटतो. कसर लागली तर ते पुस्तक आधी वेगळं. डांबराच्या गोळ्या नकोत, वासानं डोकं उठतं.

मग त्यांनी एक वही दाखवली. दोनशे पानी, शाळेची. मला वाटलं भाऊजींची असेल. अक्षर वहिनींचं. आणि यादी लेखकवार नव्हती. दलाल, धुरंधर, फडणीस, मुळगावकर, सरवटे, खाली एकेकाची पुस्तकं, साल, किती रंगांत छापलंय, मुखपृष्ठ शाबूत की फाटकं. एक रकाना 'अज्ञात' असा, आणि तो सगळ्यांत लांब. प्रकाशकानं नाव छापलं नाही, सही बाइंडरनं कापली, चित्र मात्र डोळ्यांत भरतं.

"कुठल्याही वाचनालयात जा आणि म्हणा, मला अमक्या चित्रकाराची पुस्तकं द्या. ग्रंथपाल तोंडाकडे बघेल. त्याच्या यादीत लेखक आहे, विषय आहे, चित्रकार नाही. म्हणून मी ही केली. ह्यांना गोळा करता येतं, लावता येत नाही."

"म्हणजे ही रद्दी भाऊजींची नव्हेच. तुमची."

"ते ह्यांना सांगू नका," वहिनी म्हणाल्या आणि अर्नाळकरांच्या बाईला पिशवीत घालायला निघाल्या. "गोण्या उचलायला कोण जाईल मग?"

या गप्पा छापायच्या म्हटल्यावर त्यांनी एक निरोप दिलाय, तो देऊन टाकते. दिवाळीची साफसफाई काढाल, माळ्यावरून जुने अंक, कादंबऱ्या, चांदोबे खाली येतील. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी मुखपृष्ठाचे चारही कोपरे बघा. सही सापडली आणि आत चित्रकाराचं नाव छापलेलं नसेल, तर पहिल्या पानावर ते लिहून ठेवा. पेननं नको, पेन्सिलीनं.